मासा पकडा, पण खाऊ नका: ओनंडागा तलावाचं प्रकरण

१९८६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ओनंडागा तलावावर मासेमारीला पुन्हा परवानगी मिळाली. त्याआधी सोळा वर्षं ती बंद होती. परवानगीबरोबर एक अट घातली गेली: गळाला लागलेला मासा परत पाण्यात सोडायचा, घरी न्यायचा नाही.

पाणी-तपासणीच्या वर्गात मी हे प्रकरण शिकवायला घेतो तेव्हा इथेच पहिला हात वर होतो. "सर, पाणी इतकं वाईट होतं तर मासे जिवंत कसे होते? आणि जिवंत होते तर खायला काय हरकत?" प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे तळ्याच्या काठावर उभं राहून पाण्याची परीक्षा अशीच होते. मासे उडताना दिसले की पाणी चांगलं, मेलेले तरंगले की पाणी खराब. ओनंडागाने ही परीक्षा खोटी ठरवली. तिथे दोन प्रश्न एकमेकांपासून सुटे करावे लागले. या पाण्यात मासा जगेल का, हा पहिला. तो मासा माणसाने खावा का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या उपकरणांनी शोधावी लागली, आणि ती एकमेकांशी जुळली नाहीत.

तलाव आणि त्याच्या काठची माणसं

सिरॅक्यूज शहराला लागून असलेला हा तलाव फार मोठा नाही. लांबी साधारण साडेसात किलोमीटर, रुंदी दीड किलोमीटरच्या आसपास, क्षेत्रफळ सुमारे १२ चौरस किलोमीटर. सर्वांत खोल जागी पाणी १९ मीटरच्या जवळपास. ओनंडागा क्रीक आणि नाइनमाइल क्रीक हे त्याला भरणारे मुख्य ओढे. वायव्येच्या टोकाकडून पाणी सेनेका नदीत जातं आणि पुढे लेक ऑन्टॅरिओला मिळतं. आवक मोठी असल्यामुळे तलावाचं पाणी वर्षातून सुमारे चार वेळा बदलतं.

इथल्या मूळनिवासी ओनंडागा लोकांसाठी हा तलाव पवित्र आहे. हॉडेनोशॉनी महासंघातली भांडणारी राष्ट्रं एका शांतिदूताच्या सांगण्यावरून याच काठावर एकत्र आली आणि शस्त्रं टाकली, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांना हे पाणी केवळ प्यायला किंवा मासे धरायला हवं आहे असं नाही. त्यांच्या एकत्र असण्याची सुरुवात तिथे झाली. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्यावं.

तलावाच्या भोवताली खारे झरे होते, त्यामुळे सिरॅक्यूजला मिठाचं शहर म्हणत. मीठ आणि चुनखडी दोन्ही जवळ असली की सोडा राख, म्हणजे सोडियम कार्बोनेट, बनवता येते. १८८१ साली सॉल्व्हे प्रोसेस कंपनी स्थापन झाली आणि १८८४ मध्ये उत्पादन सुरू झालं. या प्रक्रियेत कॅल्शियम क्लोराइडयुक्त खारट टाकाऊ पाणी प्रचंड प्रमाणात निघतं. ते आणि त्याबरोबरचा पांढरा चोथा तलावात आणि काठावरच्या खाचरांत जात राहिला. या तलावातली व्हाइटफिश एके काळी हॉटेलांत मानाने वाढली जायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची मासेमारी संपली. १९०१ मध्ये तलावाचा बर्फ काढून विकण्यावर बंदी आली, १९४० मध्ये पोहण्यावर.

१९४६ पासून काठावर पारा वापरून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवायला सुरुवात झाली. १९४६ ते १९७० या काळात सुमारे १ लाख ६५ हजार पौंड, म्हणजे जवळजवळ ७५ टन पारा तलावात गेला. आणि शहराचं मैलापाणी तर पहिल्यापासून जात होतंच.

म्हणजे एकाच तलावावर दोन घाव होते. मैलापाण्याचा घाव डोळ्यांना आणि नाकाला कळत होता. पाऱ्याचा कळत नव्हता.

पहिला प्रश्न: मासा जगेल का?

माशाला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. २५ अंश सेल्सियसला गोडं पाणी काठोकाठ भरलं तरी लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं. पाणी तापलं की ही क्षमता कमी होते आणि नेमकी त्याच वेळी माशाची भूक आणि श्वास वाढतो. न्यूयॉर्क राज्याचा निकष असा की ट्राउट नसलेल्या अशा तलावात दिवसाची सरासरी ५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये आणि कुठल्याही क्षणी ४ च्या खाली उतरू नये.

तो क्षण कोणता, यावर सगळं अवलंबून आहे. शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात दुपारी दोन वाजता ऑक्सिजन मोजलात तर आकडा सुंदर येतो, कधी कधी क्षमतेपेक्षाही जास्त. ते शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडत असतं. तेच शेवाळ रात्रभर ऑक्सिजन खातं. खरा आकडा पहाटे उजाडण्याच्या आधी मिळतो. मी विद्यार्थ्यांना निदान एकदा तरी पहाटे पाच वाजता होडीत बसवतो. रसायनांनी ऑक्सिजन मोजण्याच्या विंकलर पद्धतीची बाटली हातात घेऊन थंडीत कुडकुडत मँगनीज सल्फेट घालताना जे कळतं ते फळ्यावर कळत नाही. बाटली तिथल्या तिथेच बंदिस्त करून ऑक्सिजन पक्का करायचा, प्रयोगशाळेत नेईपर्यंत थांबायचं नाही. थांबलात तर बाटलीतले जिवाणू तुमचा आकडा खाऊन टाकतात.

ओनंडागाला ही पहाटेची परीक्षाही पुरेशी नव्हती, कारण तिथे खोलीचा प्रश्न होता. उन्हाळ्यात वरचं पाणी कोमट आणि हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं, आणि मे ते ऑक्टोबर हे दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत. वर वाढलेलं शेवाळ मरून तळाशी पडतं, कुजतं आणि खालचा सगळा ऑक्सिजन संपवतं. वरून नवा पुरवठा येत नाही. तळाचं पाणी जुलैपासून गुदमरलेलं असायचं. काठावरून बाटली भरणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं. त्यासाठी दोन्ही तोंडं उघडी असलेली नळी दोरीने हव्या त्या खोलीवर सोडायची, वरून वजन सोडून झाकणं मिटवायची आणि तिथलंच पाणी वर आणायचं. अशा मीटरमीटरला घेतलेल्या नमुन्यांनी तलावाचा उभा छेद समोर येतो.

शरद ऋतूत वरचं पाणी थंड झालं की थर मोडतात आणि तळाचं ऑक्सिजनहीन पाणी वर येऊन सगळ्या तलावात मिसळतं. ओनंडागात तेव्हा वरच्या थरातलाही ऑक्सिजन निकषाच्या खाली जायचा. अशा वेळी मासे तलाव सोडून सेनेका नदीकडे निघून जात, अशी नोंद आहे. मला ही नोंद फार बोलकी वाटते. माशांना पळून जायला वाट होती म्हणून ते वाचले आणि पुन्हा आले. चहूबाजूंनी बांध असलेल्या आपल्या गावतळ्यात अशा रात्री मासा कुठे जाणार?

दुसरी गोष्ट अमोनियाची. शहराचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, ज्याला तिथे सगळे 'मेट्रो' म्हणतात, आपलं पाणी थेट तलावात सोडतो. वर्षभरात तलावात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे पाचवा हिस्सा या प्रकल्पाचा असतो. इतकं मोठं प्रमाण फार थोड्या तलावांच्या वाट्याला आलं असेल. त्या पाण्यातला अमोनिया माशांना आणि विशेषतः त्यांच्या पिल्लांना घातक होता. इथे तपासणारे अनेक जण चुकतात. प्रयोगशाळा एकूण अमोनियाचा आकडा देते, पण माशाला मारतो तो मुक्त अमोनिया, आणि त्याचा वाटा पीएच (पाणी आम्ल की अल्क, याचं माप) आणि तापमानावर ठरतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त मुक्त असतो. पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर, आणि पीएच ९ ला एक तृतीयांशाहून अधिक. शेवाळलेल्या तळ्याचा पीएच दुपारी ९ कडे सहज सरकतो. एकच नमुना, एकच अमोनिया, सकाळी निरुपद्रवी आणि दुपारी विषारी. पीएच आणि तापमान न लिहिता दिलेला अमोनियाचा अहवाल माशांसाठी निरर्थक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट मिठाची. सोडा राखेचा कारखाना १९८६ मध्ये बंद झाला आणि तलावाचा खारटपणा झपाट्याने उतरला. पाठोपाठ डॅफ्निया हे पाणपिसवांसारखे बारीक जीव, जे शेवाळ गाळून खातात, मोठ्या आकाराच्या जातींसह परतले आणि पाणी निवळलं. गाळात डॅफ्नियाची अंडी कित्येक दशकं सुप्त राहतात. संशोधकांनी गाळाचे थर काढून अंडी उबवली तेव्हा कळलं की कारखान्याच्या काळात खाऱ्या पाण्यात राहणारी एक परकी जात इथे वस्तीला आली होती आणि कारखाना गेल्यावर नाहीशी झाली. तलावाचा गाळ म्हणजे त्याचं दप्तर. ते वाचता आलं पाहिजे.

या पहिल्या प्रश्नावर काम झालं, आणि चांगलं झालं. १९७१ मध्ये काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, कपडे धुण्याच्या पावडरीतल्या, शेवाळाला पोसणाऱ्या फॉस्फेटवर मर्यादा आणली. १९८८ मध्ये एका पर्यावरण संस्थेने काउंटीला न्यायालयात खेचलं आणि १९९८ मध्ये तडजोडीचा बंधनकारक आराखडा ठरला. मेट्रो प्रकल्पात २००४ मध्ये अमोनियाचं नायट्रेट करणारे जैविक गाळणे बसले, २००५ मध्ये फॉस्फरस काढणारी यंत्रणा आली. उन्हाळ्यात वरच्या पाण्यात फॉस्फरस लिटरमागे २० मायक्रोग्रॅमपर्यंत असावा हा राज्याचा मार्गदर्शक आकडा. २००८ च्या सुमारास तलाव त्याच्या आत आला. शेवाळाचे लोंढे थांबले. काळी-पांढरी सेच्ची चकती दोरीला बांधून पाण्यात सोडली की पूर्वीपेक्षा बरीच खोलवर दिसू लागली. आज तलावात माशांच्या साठाहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं 'हो' झालं. मासेमारीची अट मात्र केवळ त्यामुळे उठली नसती.

दुसरा प्रश्न: मासा खावा का?

१९७० साली मासेमारी बंद झाली ती पाऱ्यामुळे. त्या वर्षी उत्तर अमेरिकेत पाऱ्याचं भान एकदम आलं होतं. नॉर्वाल्ड फिमराइट या कॅनडात शिकणाऱ्या नॉर्वेजियन संशोधकाने लेक सेंट क्लेअरच्या माशांत पारा शोधला आणि एकामागोमाग एक तलाव बंद होऊ लागले. पाऱ्याने भरलेले मासे खाऊन माणसं आजारी पडली ते जपानमधलं मिनामाता तोवर जगाला माहीत झालेलं होतं.

पाऱ्याची अडचण अशी की तो माशाला बहुधा मारत नाही. पाऱ्याने भरलेला बास मासा दिसायला धष्टपुष्ट असतो, पोहतो, गळाशी झुंजतो. ऑक्सिजन मीटरला पारा कळत नाही. पाण्याच्या नेहमीच्या रासायनिक तपासणीतही तो सापडेलच असं नाही.

आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. आपल्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मायक्रोग्रॅम पारा चालतो. मायक्रोग्रॅम म्हणजे १,००० नॅनोग्रॅम. मासे खाणाऱ्या माणसाच्या रक्षणासाठी न्यूयॉर्क राज्याने विरघळलेल्या पाऱ्याची ठरवलेली मर्यादा आहे लिटरमागे ०.७ नॅनोग्रॅम. म्हणजे प्यायला चालणाऱ्या पाण्यातला मासा खायला धोकादायक असू शकतो, आणि दोन मर्यादांत १,४०० पटींचा फरक आहे. वर्गात हे सांगितलं की क्षणभर कुणी बोलत नाही.

या फरकाचं कारण अन्नसाखळी. पारा तळाच्या गाळात पडतो. तिथे ऑक्सिजन संपल्यावर जे जिवाणू सल्फेटवर जगतात, ते साध्या पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. हे रूप शरीरात शिरतं ते सहजी बाहेर पडत नाही. शेवाळातून डॅफ्नियात, डॅफ्नियातून लहान माशात, लहान माशातून बासमध्ये आणि वॉलआयमध्ये ते साठत आणि वाढत जातं. मोठ्या शिकारी माशाच्या मांसात पाण्याच्या तुलनेत त्याची पातळी लाखो पटींनी जास्त असते, आणि त्या मांसातला जवळजवळ सगळा पारा याच रूपात असतो. गर्भातल्या आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला त्याचा सर्वाधिक धोका.

म्हणून दुसऱ्या प्रश्नासाठी पाण्याचा नमुना पुरत नाही, मासा कापावा लागतो. तोही कसाही नाही. छोट्या सनफिशचा आकडा दाखवून तलाव सुरक्षित म्हणणं ही फसवणूक ठरेल, आणि दहा वर्षांच्या बासचा आकडा सगळ्या माशांना लावणं ही अतिशयोक्ती. जात तीच, लांबी जवळपास तीच, हंगाम तोच, आणि दरवर्षी पुरेशी संख्या, अशी शिस्त पाळली तरच गेल्या वर्षाशी तुलना करता येते. लोक जो भाग खातात तो तपासायचा. पाण्यातला पारा मोजताना तर दोघांची जोडी लागते: एकाने फक्त बाटलीला हात लावायचा, दुसऱ्याने बाकी सगळ्याला. नॅनोग्रॅमच्या पातळीवर हातमोज्यावरची धूळसुद्धा निकाल बिघडवते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००१ मध्ये माशाच्या मांसासाठी मिथाइल मर्क्युरीची पातळी किलोमागे ०.३ मिलिग्रॅम ठरवली. बाजारात विकल्या जाणाऱ्या माशासाठी तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाची कारवाईची पातळी मात्र १ मिलिग्रॅम आहे. एकाच देशात दोन आकडे, कारण दोघांचे प्रश्न वेगळे. बाजारातला मासा आज इथून, उद्या तिथून येतो. तलावाकाठच्या घरातला मासा दर आठवड्याला त्याच पाण्यातून येतो. कुठलाही 'सुरक्षित' हा शब्द वाचताना कुणासाठी आणि किती वेळा, हे विचारलंच पाहिजे.

सांडपाण्याने दिलेला धागा

या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग इथे येतो, आणि तो कुणीही आखलेला नव्हता.

२००४ मध्ये मेट्रो प्रकल्पाने अमोनियाचं नायट्रेट करायला सुरुवात केली ती माशांचा श्वास वाचवण्यासाठी. साहजिकच तलावात नायट्रेट वाढलं. नंतरच्या उन्हाळ्यांत तळाच्या पाण्यातलं मिथाइल मर्क्युरी कमी झालेलं मोजणाऱ्यांना दिसलं. तलावाच्या तळाशी पाऱ्यासाठी तर अजून काही केलं गेलं नव्हतं.

जिवाणूंचीही एक पंगत असते. आधी ऑक्सिजन वापरणारे बसतात. तो संपला की नायट्रेटवर जगणारे, मग मँगनीज आणि लोहावर जगणारे, आणि सगळ्यांत शेवटी सल्फेटवाले. पारा मिथाइल करण्याचं काम मुख्यतः या शेवटच्या पंगतीत होतं. तळाशी नायट्रेट शिल्लक असेल तोवर शेवटची पंगत बसतच नाही.

मग हेच मुद्दाम करून पाहायचं ठरलं. २०११ पासून उन्हाळ्यात एक तराफा आठवड्यातून काही दिवस तलावावर फिरू लागला आणि कॅल्शियम नायट्रेटचं द्रावण तळाच्या थरात सोडू लागला. हे द्रावण जड असतं, सरळ गाळात जाऊन बसलं असतं. म्हणून त्यात वरचं कोमट पाणी इतकंच मिसळायचं की मिश्रण हव्या त्या खोलीवर तरंगत आडवं पसरेल. तळाच्या पाण्यातलं मिथाइल मर्क्युरी नव्वद टक्क्यांहून अधिक घटलं.

विद्यार्थी इथे हमखास अडवतात: नायट्रेट म्हणजे खत, त्याने शेवाळ वाढणार नाही का? या तलावात शेवाळाची वाढ फॉस्फरसने रोखून धरलेली आहे. फॉस्फरस आधीच आवरला होता म्हणून नायट्रेट टाकणं परवडलं. हाच प्रयोग फॉस्फरसने तुडुंब भरलेल्या तळ्यात कुणी उचलून करू नये. दोन प्रश्न वेगळे आहेत असं मी म्हणतो, पण त्यांची मुळं गाळात एकमेकांना अशी भिडलेली असतात.

गाळ उपसला, काही झाकला

१९९४ मध्ये तलाव अमेरिकेच्या सुपरफंड यादीत, म्हणजे अतिप्रदूषित जागांच्या यादीत, गेला. जुन्या रसायन कंपनीची वारस असलेल्या हनीवेलवर सफाईची जबाबदारी आली आणि २००५ मध्ये आराखडा मंजूर झाला. २०१२ ते २०१४ दरम्यान सुमारे २२ लाख घनयार्ड, म्हणजे जवळपास १७ लाख घनमीटर गाळ उपसून नळाने काही किलोमीटर दूर नेला आणि कापडी नळकांड्यांत भरून निथळत ठेवला. तळाच्या मोठ्या भागावर वाळू आणि खडीचे थर टाकून तो झाकला. हे काम २०१६ मध्ये संपलं. गाळात पाऱ्याखेरीज पीसीबी (क्लोरीनयुक्त विषारी रसायनं), बेंझीन, क्लोरोबेंझीन असं बरंच काही होतं.

ओनंडागा राष्ट्राने या आराखड्यावर उघड नाराजी नोंदवली. विष काढायचं सोडून झाकायचं, याला ते सफाई म्हणायला तयार नाहीत. अभियंत्यांची बाजू मला समजते, सगळा गाळ हलवताना तोच गढूळ होऊन पाण्यात पसरण्याची भीती खरी असते. तरीही झाकण किती काळ टिकेल याची हमी देणारा माणूस त्या काठावर पिढ्यान् पिढ्या राहणार नाही. ओनंडागा लोक राहणार आहेत. त्यांच्या आक्षेपाला मी तांत्रिक अज्ञान मानत नाही.

कालवणाचा प्रश्न

मासे परत सोडण्याची सरसकट अट पुढे बदलली आणि तिच्या जागी तपशीलवार सल्ला आला. लहान मुलं आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रिया यांनी या तलावाचा मासा अजिबात खाऊ नये असं आरोग्य खात्याने वर्षानुवर्षं सांगितलं. बाकीच्यांसाठी मोठे बास, वॉलआय, कार्प यांसारखे मासे वर्ज्य, आणि काही लहान माशांचे महिन्याला मोजके घास.

सल्ल्यात एक तांत्रिक बारकावा आहे. पीसीबी माशाच्या चरबीत राहतात, म्हणून कातडी आणि पोटाकडची चरबी काढून भाजलं आणि गळलेलं तेल फेकून दिलं तर ते बरेच कमी होतात. पारा मांसातच बसलेला असतो. धुवा, तळा, उकळा, तो जात नाही.

आता हा सल्ला आपल्या रांधण्याला लावून पाहा. आपण मासा डोक्यासकट, कातडीसकट कालवणात टाकतो, आणि त्यातला सगळा तवंग भातावर ओतून घेतो. सिरॅक्यूजमध्ये भूतान आणि म्यानमारमधून आलेली अनेक निर्वासित कुटुंबं राहतात. त्यांचंही रांधणं याच जातीचं. ताजा, फुकट मिळणारा मासा त्यांच्या ताटात महत्त्वाचा असतो. फिलेट, म्हणजे काट्याविना मांसाचा तुकडा, कापून जाळीवर भाजणाऱ्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली सूचना त्यांच्या भांड्यापर्यंत पोहोचत नाही, तिचं भाषांतर केलं तरीही. तलाव तपासणाऱ्याने म्हणूनच काठावरच्या चार घरांत जाऊन मासा कसा शिजतो ते बघावं. माझ्या लेखी तो सर्वेक्षणाचाच भाग आहे.

गरुडांना तर सल्ला वाचता येत नाही. मेट्रो प्रकल्पाच्या कोमट पाण्यामुळे तलावाचा तो कोपरा हिवाळ्यात गोठत नाही, आणि पांढऱ्या डोक्याचे डझनावारी गरुड तिथल्या झाडांवर येऊन बसतात. लोक दुर्बिणी घेऊन बघायला जातात. दृश्य सुंदरच आहे. ते गरुड तलावातले मासेच खातात, आणि म्हणून सफाईच्या आराखड्यात माशांवर जगणाऱ्या पक्षी-प्राण्यांचा हिशेबही धरावा लागला.

इकडे काय घ्यायचं

या प्रकरणाचा आपल्याशी एक थेट धागा आहे. सिरॅक्यूजच्या उत्तरेला, त्याच राज्यात, वॉटरटाउन नावाचं गाव आहे. तिथला थर्मामीटरचा कारखाना १९८० च्या दशकात उचलून तामिळनाडूत कोडाईकनालला आणला गेला. २००१ मध्ये भंगाराच्या दुकानात पारा लागलेल्या काचांचा ढीग सापडला, लोक रस्त्यावर उतरले आणि कारखाना बंद झाला. २००३ मध्ये सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजाने परत अमेरिकेला गेला. कोडाईच्या तलावातल्या पाण्यात, गाळात आणि माशांतही पारा सापडल्याचं भारतीय शास्त्रज्ञांनीच प्रसिद्ध केलं आहे.

आणि आपले निकष? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यपालन आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्याचा वर्ग 'ड' आहे. त्याच्या अटी तीन: पीएच ६.५ ते ८.५, विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम, मुक्त अमोनिया जास्तीत जास्त १.२ मिलिग्रॅम. तिन्ही अटी पहिल्या प्रश्नाच्या आहेत. १९८६ नंतरच्या ओनंडागाचं वरचं पाणी उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी या चाळणीतून सुखरूप निघालं असतं, आणि त्यातला बास खाण्याजोगा नसता. 'ड' वर्गाचा दाखला दाखवून "मासे सुरक्षित" असा फलक लावणं म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं.

प्रत्येक गावतळ्यात पारा मोजा असं मी म्हणणार नाही. ती तपासणी महाग आहे, आणि वरच्या अंगाला फक्त शेती असलेल्या तलावात पैसा आधी पहाटेच्या ऑक्सिजनवर, कीटकनाशकांवर आणि निळ्या-हिरव्या शेवाळावर खर्च व्हावा. आधी म्हाताऱ्या माणसांशी बोलावं. इथे पूर्वी कुठला कारखाना होता? राख कुठे टाकायचे? नाला कधीपासून येतो? कुठला मासा नाहीसा झाला आणि कुठला नव्याने आला? चिलापी सगळीकडे झाली आणि मरळ, वाम दिसेनाशी झाली असं भोई सांगतात तेव्हा ते एक मोजमापच देत असतात. चिलापी कमी ऑक्सिजनमध्येही तग धरते, तिच्या भरघोस जाळ्यावरून पाणी चांगलं ठरत नाही. या उत्तरांवरून गाळाचा नमुना कुठून घ्यायचा ते ठरतं. गाळात काही निघालं तर मग मोठा, जुना, शिकारी मासा कापायचा.

वरचा ओढा

ओनंडागा तलावाच्या उत्तरेकडच्या मोठ्या भागात आता पाणी जिवाणूंच्या दृष्टीने पोहण्याइतकं चांगलं मोजलं जातं. दक्षिण टोकाला जोराच्या पावसात अजूनही मैलापाणी मिसळतं. तळावरच्या झाकणावर लक्ष ठेवण्याचं काम सुरू राहील. माशातला पारा पाण्यातल्या पाऱ्यापेक्षा हळू उतरतो, कारण आज पकडलेला मोठा बास कित्येक वर्षांपूर्वीच्या पाण्यात वाढायला लागलेला असतो.

२०२२ मध्ये नुकसानभरपाईच्या तडजोडीतून ओनंडागा क्रीकच्या उगमाकडची, टली खोऱ्यातली एक हजार एकरांहून अधिक जमीन ओनंडागा राष्ट्राला परत द्यायचं ठरलं. याच खोऱ्यातून एके काळी कारखान्यासाठी खारं पाणी उपसलं जाई. ओढ्याच्या खालच्या भागात जमिनीतून चिखल उकळत वर येतो आणि ओढा गढूळ होतो, पण उगमाकडचे झरे थंड आणि स्वच्छ आहेत. तिथे ब्रूक ट्राउट राहते. ती २० अंशांपुढच्या पाण्यात फार काळ टिकत नाही, आणि तिला ऑक्सिजन भरपूर लागतो. त्या पाण्यात तापमापक बुडवला तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर काही मिनिटांत मिळतं.